धनसिंग मिस्तरींचं गिरमिट

ती. स्व. नाना,

जळगावहून तुमच्या धाकट्या चुलतभावाचा, वनाचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आणि अक्कांचा खोकला कसा आहे? इथे सगळं ठीक आहे असं लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहितो. फोन केला नाही, कारण तुम्हाला ओरडून सांगावं लागतं, आणि ज्यांच्याविषयी सांगायचं ते बाहेरच्या खोलीत बसले आहेत.

जुनी सुतारी अवजारं जमवण्याचा माझा नाद तुम्हाला ठाऊक आहेच. (लता त्याला भंगार म्हणते. निवृत्त नवऱ्याच्या वस्तूंना घरात दुसरं नाव नसतं.) तुम्ही दिलेल्या धनसिंग मिस्तरींच्या पत्त्यावर मागच्या महिन्यात शिंदखेड्याला गेलो. वच्छलाबाईंनी नवऱ्याची पेटी उघडली. तीन रंधे, पटाश्या, आणि दातेरी चाकाचं, हातानं फिरवून भोक पाडायचं गिरमिट. त्याची लाकडी मूठ वापरून इतकी गुळगुळीत झालेली की हातातून सोडवेना. मिस्तरींना विचारायला हवं, असं मी म्हटलं, तर बाई म्हणाल्या, “मिस्तरी आते नही शेतस.” मिस्तरी आता नाहीत, हे ऐकून मी मान खाली घातली. केव्हा, असं हळूच विचारलं. दिवाळीला, म्हणाल्या, आणि तेव्हापासून घर कसं शांत आहे. (दुःख ज्याचं त्याचं निराळं, असं मला वाटलं.) त्यांनी मागितलं ते देऊन पेटी घेऊन आलो.

अवजारं घासूनपुसून भिंतीवर टांगली आणि फोटो फेसबुकवर टाकला. खाली लिहिलं, ‘कै. धनसिंग मिस्तरी यांच्या स्मृतीस’. आता नाना, मिस्तरी दिवाळीपासून सुरतेला लेकीकडे राहायला गेले होते. तिच्याकडे सांत्वनाचे फोन सुरू झाले. पहिला त्यांनीच उचलला.

आज सकाळी दार वाजलं. उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे.

“मी धनसिंग मिस्तरी,” ते म्हणाले. “कैलासवासी.”

पाणी द्यायला गेलो ते माझ्याच अंगावर सांडलं. ते मात्र भिंतीपुढे जाऊन उभे राहिले. त्यांचे हात कापत होते. त्या कापऱ्या हातांमुळेच लेकीनं काम सोडायला लावून सुरतेला नेलं होतं. त्यांनी गिरमिट उतरवलं आणि लाकूड मागितलं. घाबरून जे हाताला लागलं ते दिलं. तो लताचा पोळपाट होता. पण मूठ धरली तशी थरथर थांबली, आणि भोक असं सरळ पडलं की लतासुद्धा रागवायचं विसरून बघत राहिली. मिस्तरींनी उपरण्यानं डोळे पुसले. माझेही भरून आले. सगळंच परत न्या, म्हटलं.

ते म्हणाले, “बाकीनं बठ्ठं तुनाकडे ऱ्हाऊ दे. हाई मी लई जास.”

बाकीचं माझ्यासाठी ठेवून त्यांनी घेतलेलं तेवढं एक गिरमिट मी माझ्या चांगल्या टॉवेलात गुंडाळून दिलं. त्याहून सुंदर वस्तू माझ्या संग्रहात नव्हती, पण मन काही दुखलं नाही. अक्कांना नमस्कार.

तुमचा,
वना

ता. क. चहा घेताना मिस्तरींनी एवढंच विचारलं, “मी मेलो असं तुला कोणी सांगितलं?” वच्छलाबाईंचं नाव घेतलं असतं तर म्हातारपणी त्या दोघांत भांडण लागलं असतं. म्हणून तुमचं घेतलं. तुम्ही फक्त हो म्हणा.

पुन्हा ता. क. ते आता धुळ्याच्या गाडीनं सरळ तुमच्याकडेच येत आहेत. हे पत्रही त्यांच्याच हाती देतो आहे. पाकीट डिंकानं नीट चिकटवलं आहे. फोडलेलं दिसलं, तर त्यांना खुर्ची द्या. पुढचं ते स्वतःच सांगतील.