आईचा जबाब

पाथर्डी
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

प्रिय मरियमताई,

तुला आणि कृपादान दाजींना माझा आणि एस्तेरचा सलाम. दाजींचा गुडघा आता कसा आहे? इकडची थंडी सरली, दुपारी डांबरी रस्ता तापतो. एस्तेरचं शिवणकाम चालू आहे. चर्चमध्ये नवे पाळकसाहेब आलेत. उपदेश लांबवतात, पण माणूस चांगला आहे.

पत्र बघून तुला नवल वाटेल. माझा मोबाईल सध्या माझ्याकडे नाही, म्हणून लिहितो आहे.

आधी दुकानाचं सांगतो. आपला स्टुडिओ कसा वर आला ते तू पाहिलंस. पूर्वी लग्न उरकलं की लोक अल्बम न्यायला वर्षानं यायचे, कारण निम्मा तालुका ऊसतोडीला बाहेर. मग मी फोटो क्लाऊडवर टाकायला लागलो. म्हणजे फोटो कुठल्याशा कंपनीच्या कॉम्प्युटरवर राहतात आणि आपण लिंक पाठवली की कुठूनही दिसतात. कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत बसून बाया लेकीच्या लग्नाचे फोटो बघायच्या आणि तिथूनच सांगायच्या, "इमूभाऊ, ह्यो फटू मोठा करा. त्यो नको, त्यात मामा झाकलाय." धंदा बघता बघता वाढला. नाशिक-पुण्याची कामं यायला लागली. गिऱ्हाइकांचे नंबर, लग्नाच्या तारखा, सगळं त्या एकाच खात्यात. दिवाळीत मी जुन्या हार्डडिस्कवरचंही सगळं वर चढवलं आणि डिस्क पुसून नव्या कामाला घेतल्या. तेच ते दोन ठिकाणी कशाला ठेवायचं, असं वाटलं.

नाताळानंतर एका सकाळी खातं उघडेना. नियम मोडल्यामुळे खातं कायमचं बंद केलंय, एवढंच पडद्यावर. काहीतरी चूक झाली असेल म्हणून मी अर्ज केला. लगेच उत्तर आलं: निर्णय बदलणार नाही. इतक्या लगेच की कुणा माणसानं वाचलंच नसणार. पुन्हा केला, पुन्हा तेच. फोन करावा तर नंबर नाही, जावं तर ऑफिस नाही. ताई, भांडायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं गं.

गेल्या महिन्यात चांगुणाबाई आल्या. त्यांच्या लेकीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. त्यांचा नवरा वाल्मिक फडावर ट्रॉली उलटून गेला. भिंतीवर लावायला त्यांना त्याचा फोटो हवा होता. लग्नात फेटा बांधलेला, हसणारा. त्याचा तेवढाच चांगला फोटो. मी म्हणालो, "बाई, फोटो माझ्याकडं नाहीत. खातं बंद झालंय."

"मंग उघडा की."

"ते माझ्या हातात नाही."

त्या पायरीवर बसल्या. "माणूस गेला. आता त्याचा फटू बी न्हाई व्हय? मी तुमच्याच भरवशावर हुते, भाऊ." मी पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

मला वाटलं, याहून वाईट काही होणार नाही. मग नगरहून पोलीस आले.

कंपनीनं नुसतं खातं बंद केलं नव्हतं, तर वर कळवलंही होतं, की या माणसाकडे लहान मुलाचा घाणेरडा फोटो आहे. ते कागद फिरत फिरत इथवर आले. मोबाईल, कॉम्प्युटर, कॅमेऱ्याची कार्डं, सगळं तपासणीला नेलं. साहेब वाईट बोलले नाहीत. पण गाडी दुकानासमोर तासभर उभी होती, आणि गावाला तेवढं पुरतं. शाळेनं ओळखपत्रांच्या फोटोंचं काम काढून घेतलं. परवा एक बाई मुलीला घेऊन पासपोर्ट फोटोला आली. मुलगी खुर्चीवर बसलीसुद्धा. तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी तिला हाक मारून काही सांगितलं. तिनं मुलीचा दंड धरून तिला उठवलं. माझ्याकडे तिनं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर अजून माझ्या अंगावरून उतरत नाही. तेव्हापासून शटर खाली आहे. एस्तेर मला घरात एकटं सोडत नाही. विहिरीकडे निघालो तरी मागोमाग येते. का, ते तू समजून घे.

फोटो कुठला, ते मी अजून लिहिलं नाही.

एस्तेरच्या मोबाईलमध्ये तुझा नंबर आहे, ताई. ती रोज म्हणते, लावा. मी लावला नाही. तुझा आवाज ऐकला असता तर हे सांगता आलं नसतं.

साहेबांनी फाईल उघडून एक छापील फोटो माझ्यापुढे सरकवला. आपल्या मागच्या अंगणातला. तू पाय पसरून पाटावर बसली आहेस, तुझा चेहरा चौकटीत नाही, नुसते पाय आणि हात. पायांवर उघडं बाळ, तेलानं चकचकीत. बाजूनं एस्तेर पाणी ओततेय. तू बाळंतपणाला आली होतीस तेव्हाचा. यंत्राला उघडं लेकरू दिसलं. आंघोळ दिसली नाही.

साहेब म्हणाले, "बघून कळतंय हो मला. पण मला कागद लागतो. हे बाळ कुणाचं, फोटो कुणाच्या सांगण्यावरून काढला, हा जबाब आईनं द्यायला हवा." एस्तेरनं दिलाय, पण ती माझी बायको. मी म्हणालो, बहिणीला बोलवू नका. ते म्हणाले, "मग तुम्ही सांगा, मी काय करू?"

आणि आता ते सांगतो, ज्याच्यासाठी इतकी पानं फिरवली. दफनानंतर तू मला म्हणाली होतीस, "त्याचे फोटो जपून ठेव. मला आत्ता बघवणार नाहीत. मी मागेन तेव्हा दे." ते आता नाहीत. बाप्तिस्म्याचे नाहीत, दाजींच्या खांद्यावरचे नाहीत, हॉस्पिटलात नेण्याआधीचा तो व्हिडिओ, तोही नाही. सगळे त्याच खात्यात होते. त्या खात्यातून बाहेर आलेला एकच फोटो जगात आहे, तो पोलिसांच्या फायलीत. आणि त्याच्यासाठी मी तुला ठाण्यात बोलावतोय. जे तुला घरात बसून बघवलं नाही, ते तिथं टेबलावर बघायला.

तू नाही म्हणालीस तर मी समजेन. दाजींनी मला दारात उभं केलं नाही तरी समजेन. पण माझ्याकडे दुसरं कुणी नाही, ताई. मी असलं काही केलं नाही, हे सांगू शकेल असं कुणीच नाही.

तुझा भाऊ असं लिहायला हात धजत नाही.

इमॅन्युएल


मिरजगाव
शनिवार, १४ फेब्रुवारी २०२६

प्रिय इमू,

सलाम. दाजींचा गुडघा तसाच आहे.

तुझं पत्र वाचलं आणि मी तुला खूप बोलले. तू इथं नव्हतास म्हणून भिंतीला बोलले. डिस्क पुसताना मला एकदा विचारायचं होतंस. मागेन म्हणाले होते म्हणजे कधीतरी मागणार होते ना रे? मनातल्या मनात मी रोज ते फोटो बघायची तयारी करत होते. आता कशाची तयारी करू? हे मी पाथर्डीला येऊन तुझ्या तोंडावरही बोलेन, आणि तू ऐकून घ्यायचंस.

पण तुझ्याबद्दल गाव जे बोलतंय ते मी ऐकून घेणार नाही.

दाजी आधी म्हणाले, पोलिसात जायचं नाही, झालं तेवढं पुरे. मग जेवायला बसले आणि ताट तसंच ठेवून उठले. संध्याकाळी म्हणाले, "मी बी येतो. बापाचा जबाब न्हाई का चालत?" सोमवारी पहिल्या एसटीनं निघतो. तू स्टँडवर येऊ नकोस, एस्तेरला पाठव. नाहीतर नको, तूच ये. लोकांना बघू दे आपण बरोबर चालताना.

फोटो मीच काढायला सांगितला होता, ते मला चांगलं आठवतंय. तुला कामाला जायची घाई होती आणि मी म्हणाले, "थांब रे, एवढा एक काढ, किती हसतोय बघ." तेवढ्यात तो एस्तेरच्या पदरावर मुतला आणि आपण सगळे हसलो. हे सगळं मी साहेबांना सांगणार आहे. लिहून घेऊ दे त्यांना.

फोटोची प्रत ते देणार नाहीत, दाजी म्हणतात. न देऊ देत. पण सही करायच्या आधी मी तो हातात घेऊन बघणार. कितीही वेळ लागो, साहेबांना थांबावं लागेल.

चांगुणाबाईंना काय सांगायचं, ते मला सुचत नाही. खातं उघडेल असं मला वाटत नाही, तूही आता आस धरू नकोस. स्टुडिओ चालेल की नाही, देव जाणे. पण तू विहिरीकडे जायचं नाहीस. एक लेकरू मातीत घालून आलेय मी. भाऊ घालणार नाही.

आणि एक. एवढ्या मोठ्या पत्रात तू त्याचं नाव कुठंच लिहिलं नाहीस. सगळेच असं करतात. माझ्यासमोर 'बाळ' म्हणतात आणि दुसरीकडे बघतात. ठाण्यात पहिल्या ओळीत नाव लागेल. ते मी सांगेन.

सोमवारी येते.

नोहाची आई,
मरियम