घड स्वच्छ, मुलगी धुक्यात

रावेर, बुधवार

तीर्थरूप तोताराम नाना,

इथूनच पाया पडतो. गुडघ्यामुळे अर्धाच वाकलोय, उरलेला नमस्कार धुळ्याला आलो की पुरा करीन. तुमचा दमा आता कसा आहे? कमलकाकूंनी पाठवलेलं कळण्याच्या भाकरीचं पीठ संपलं, एवढं त्यांच्या कानावर घाला (मागत नाही, सांगतोय).

परवा तुम्ही फोनवर चांगलंच खडसावलंत, की दोंडाईच्याच्या पाहुण्यांना लेकीचा, भूमिकाचा, हा असला कसा फोटो पाठवलास, केळीचा घड स्वच्छ आणि पोरगी धुक्यात. स्थळ तुम्ही आणलेलं, शब्द तुम्ही टाकलेला, तेव्हा तुमचा राग रास्तच आहे. वर तुमच्या जावयाला असाच कॅमेरा घ्यायचाय, तर त्याचे गुणदोष कळव, असंही म्हणालात. दोन्ही गोष्टींचं उत्तर एकच असल्याने पत्रच लिहायला घेतलं. (फोनवर सांगितलं असतं, पण तुमचा फोन आला की सुमन शेजारी येऊन बसते आणि प्रश्न मला, उत्तर तिचं, असं होतं. बायको म्हणून तिचा तो हक्कच आहे म्हणे.)

तर कॅमेरा. गेल्या दिवाळीत जळगावहून आणला. दुकानदार म्हणाला, काका, नवशिक्यांसाठी हाच चांगला. बावन्नाव्या वर्षी मला कोणीतरी नवशिका म्हणालं, त्या आनंदात मी दुसरा बघितलाच नाही. गुण आधी सांगतो. अंगाने हलका आहे, गळ्यात दिवसभर अडकवला तरी मान दुखत नाही. डोळा लावून बघायची खिडकी आहे, त्यामुळे आपल्या एप्रिलच्या उन्हात मोबाइलच्या पडद्यावर स्वतःचंच तोंड दिसतं तसं इथे होत नाही. केळीच्या पानावरचा करपा मी असा टिपला, की कृषी सहायकाने बांधावर न येताच औषध सांगितलं (तसा तो एरवीही बांधावर येत नाही). आणि बॅटरी! एकदा चार्ज केली की एक अख्खं लग्न निघतं. हा गुण आहे असं मी समजत होतो. पण शेजारच्या योगेंद्रच्या हळदीला मोठा कॅमेरा गळ्यात दिसल्यावर लोकांनी मला फोटोग्राफरच ठरवलं. सकाळपासून खुर्चीवर उभा केला, बॅटरी संपेना म्हणून मलाही सुटका मिळेना. पंगत उठली तेव्हा माझ्या वाट्याला वांग्याच्या भरताच्या पातेल्याचा तळ आला.

दोष आता. उजेड कमी झाला की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. मग वरचा फ्लॅश न विचारता टपकन उभा राहतो आणि माणूस असेल तिथे त्याचे डोळे मिटवतो. (योगेंद्रच्या हळदीतले निम्मे वऱ्हाडी झोपेत नाचताना दिसतात.) बागेत लेन्स बदलली की आत धूळ जाते, मग प्रत्येक फोटोच्या आभाळात एक काळा ठिपका. आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे, सगळं कॅमेऱ्यावर सोडलं की तो जवळची वस्तू धरतो. खिडकीत नऊ चौकोन असतात, त्यातला कुठला पेटवायचा हे तोच ठरवतो. त्याला स्थळ कळत नाही, पोरीचं वय कळत नाही, जे पुढे असेल ते महत्त्वाचं.

त्या रविवारी नेमकं तेच झालं. भूमिका सुटीवर आलेली. सुमनने तिला मोरपंखी साडी नेसवली आणि फोटो बागेतच काढायचा म्हणून हट्ट धरला, पाहुण्यांना पाणी किती आहे ते दिसावं म्हणून. आपल्याकडे मुलीच्या फोटोत मागे बाग लागतेच. सालदार झिपरूने सर्वांत भरलेल्या झाडाशी तिला उभी केली, घड तिच्या खांद्यापुढे आला, मी बटण दाबलं. नऊ फण्यांतलं प्रत्येक केळं मोजून घ्या. मागे मोरपंखी रंगाचं काहीतरी. सुमनने चष्मा न लावताच तो पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दोंडाईच्याहून मुलाच्या वडिलांचा फोन. "फोटोमा केळीना घड बठ्ठा दिखस, पन पोर कोठे शे?" मी कॅमेऱ्याचं कारण सांगितलं. भला माणूस, वाण कुठला म्हणून विचारलं आणि त्याच आठवड्यात रेल्वेने बाग बघायला आले. भूमिका तोवर जळगावला कॉलेजात परतलेली. दोन तास झिपरूबरोबर फिरले, कच्ची केळी पिशवीत घेतली आणि जाताना म्हणाले, आठ दिवसांत पोरीचा स्वच्छ फोटो पाठवा, म्हणजे बैठक ठरवू. त्यातले पाच दिवस गेले. सुमन रोज कॅमेऱ्याची पिशवी माझ्या ताटाशेजारी आणून ठेवते.

काकूंना नमस्कार. औषध वेळेवर घ्या.

तुमचा पुतण्या,
योगराज

ता.क. कॅमेऱ्याच्या सर्वांत मोठ्या दोषाबद्दल वर लिहिलं ते तितकंसं खरं नाही. एक बटण दाबलं की चौकोन आपल्या हाताने हलवता येतो. मला हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

ता.क. २ त्या दिवशी चौकोन भूमिकाच्या चेहऱ्यावरच होता. लेन्सचं झाकण माझ्याकडे देताना ती हळूच म्हणाली होती, "पप्पा, फार्मसीचं शेवटचं वर्ष राहिलंय. तेवढं थांबा ना." आईसमोर बोलायची तिची छाती नाही, आणि नाना, माझीही नाही. मी चौकोन घडावर नेला आणि बटण दाबलं. मलाही तिला इतक्यात पाठवायचं नाही. सुमन फक्त तुमचं ऐकते, दोंडाईच्याचे पाहुणेही तुमचंच ऐकतील. वर्षभर थांबा, एवढं दोघांना सांगा. फोटोचं विचारलं तर खुशाल कॅमेऱ्यावर खापर फोडा. आणि जावयाला म्हणावं, डोळे मिटून हाच घे. नवशिक्या बापाचा आळ अंगावर घेतो आणि उलटून एक शब्द बोलत नाही.