घंटेवाल्याचा नातू

१ डिसेंबर, रविवार

पुकारलं. तिचं नाव पुकारलं!

पाळकसाहेबांनी चष्मा वर केला आणि मंडपाची वर्गणी वाचावी तशा आवाजात वाचलं — दत्तरावांची थोरली मुलगी राजेश्री, आणि तो जालन्याचा कोण तो, दवाखान्यात नोकरीला असलेला. "पहिल्यांदा पुकारत आहे. कोणाची हरकत असल्यास मंडळीला कळवावी." मग थांबले. पंख्याचा खडखडाट. कुणीतरी खोकलं. पुढचं गीत सुरू.

तीन रविवार नावं पुकारायची, तीनदा विचारायचं, मग लग्न. लहानपणापासून ऐकतोय. आजवर एका माणसानं तोंड उघडलेलं पाहिलं नाही.

ती बायकांच्या बाजूला होती. डोक्यावर पदर. वळली नाही.

अजून दोन रविवार. नाताळ झाला की लग्न.

३ डिसेंबर

झोप नाही. डोकं भणाणलंय.

बाबा जूनमध्ये माझ्यासाठी राजेश्रीला मागणी घालायला गेले तेव्हा दत्तराव काय बोलले ते आज पुन्हा आठवलं, पुन्हा हात शिवशिवले. पोरगं शिकंना, कमवंना — इथवर ठीक. खरंच आहे. पण पुढं म्हणाले, "आन् वरतून घंटेवाल्याच्या घरातलं. मी चर्चचा खजिनदार हाय, लोकं काय म्हणतील?" बाबा खाली मान घालून ऐकून आले. मी असतो तर...

मी असतो तर तेच केलं असतं जे परभणीत केलं. वर्गात एकानं मला "ए घंटा" म्हणून हाक मारली. आज्यानं चर्चची घंटा विकली म्हणून आम्ही घंटेवाले, हे त्याला काय ठाऊक! आजकाल पोरं उठता-बसता तो शब्द वापरतात, भलत्याच अर्थानं. पण माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. त्याचा दात पडला, माझं दुसरं वर्ष पडलं. प्राचार्य म्हणाले माफी माग, नाव काढत नाही. मी दप्तर उचललं आणि पूर्ण्याची गाडी धरली.

राजेश्रीनं तेव्हा फोनवर एवढंच म्हटलं — अक्कल येईस्तोवर तोंड दाखवू नको. सहा महिने झाले. नाही दाखवलं.

५ डिसेंबर

जेवलो नाही. आई म्हणते पित्त झालंय. असेल.

८ डिसेंबर, रविवार

आज वाचनाची पाळी नेमकी माझी! आणि वाचायचं काय, तर येशूची वंशावळी. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा. दहाव्या नावाला जीभ अडखळली, बाराव्याला मागच्या रांगेतली पोरं खुसखुसली. दत्तराव तोंडावर रुमाल धरून बसले होते. त्यांना वाटलं असेल, ह्याला स्वतःच्या आज्याचं नाव घेता येत नाही, हा देवाच्या आज्यांची घ्यायला निघाला.

वाचून खाली बसतोय तोच दुसऱ्यांदा पुकारलं.

तिथंच ठरलं. पुढच्या रविवारी उठणार. मंडळीसमोर सांगणार की आमचं परभणीच्या कोर्टात लग्न झालंय. खोटं आहे. माहीत आहे खोटं आहे! पण जालन्याची माणसं एक दिवस थांबायची नाहीत. मग बघू दत्तराव मुलगी कुणाला देतात ते. पाया पडत येतील आमच्याकडं.

९ डिसेंबर

मला कुणी सांगावं की हे वाईट आहे. कुणाला विचारणार? देवाला विचारलं. गप्प आहे. त्याचीही हरकत दिसत नाही.

११ डिसेंबर

चुडाव्याला मार्थाआत्याकडं जाऊन आलो. बाबांची थोरली बहीण. दवाखान्यात आया होती, आता एकटीच असते. आईनंच पाठवलं, नाताळच्या फराळाला बोलवायला. मला एकच गोष्ट तिच्या तोंडून हवी होती.

घरात मला नेहमी सांगितलंय — दुष्काळ होता, लेकरं उपाशी होती, म्हणून सूर्यभानआज्यानं चर्चची घंटा भंगारात विकली. ह्याच गोष्टीसाठी मी आयुष्यभर भांडलोय. दात पाडलाय. वाटलं, आत्याला सोबत घेऊन दत्तरावांसमोर उभं करावं. निदान लाज तरी वाटेल त्यांना.

आत्या तुरीच्या शेंगा सोलत होती. हसली.

"दुस्काळ? दुस्काळ पडला बहात्तरला. घंटा इकली त्याच्या चार सालं आधी. बापाला प्यायला पायजे होती, दुसरं काय?"

सात वर्षांची होती म्हणे. भंगारवाल्याच्या हातगाड्यावर घंटा निघाली, दगडावर गाडा आदळला की ठण्ण वाजायची. तिला वाटलं वरात आहे. गाड्यामागं नाचत नाचत पार रेल्वे फाटकापर्यंत गेली.

मी म्हटलं, "मग दुष्काळाचं कुणी सांगितलं?"

"तुझ्या बापानं. त्याला लय लाज वाटायची."

 म्हणजे दत्तराव खरे!

आत्या सोलतच होती. पुढचं तिनं मी न विचारता सांगितलं. आजा वर्षभर हैद्राबादकडं तोंड लपवून राहिला. मग एका रविवारी उपासना चालू असताना आत आला आणि मधोमध उभा राहिला. म्हणाला, "घंटा मी इकली. पिऊन टाकली."  शेवटी जुन्या पाळकीणबाई सतरंजीवर जराशा सरकल्या. तेवढ्या जागेत बसला. मरेपर्यंत तिथंच बसायचा.

"दारू सुटली?"

"कुटं सुटतीय? पडायचा. पुन्ना यायचा. पडायचा, पुन्ना यायचा."

"मग लोकांनी माफ केलं का नाही?"

"माफ बी केलं आन् नाव बी ठिवलं. दोनी केलं."

मला संताप आला. असला आजा काय कामाचा, म्हणालो. आत्यानं शेंगांची पाटी बाजूला सारली. परवा चर्चमध्ये काय वाचलंस, विचारलं. नावं, म्हटलं. कुणाची होती ती?

मला काय ठाऊक! मग तिनं बोटांवर मोजायला घेतलं. याकोबानं आंधळ्या बापाला फसवलं. यहूदानं आपल्याच सुनेला बाजारची बाई समजून जवळ केलं. राहाब तर धंदाच करायची. दावीद राजानं दुसऱ्याची बायको घेतली, वर नवऱ्याला मारवलं. आणि हे सगळे येशूचे आजे-पणजे.

"देवानं एक बी नाव झाकलं न्हाई बघ. आपन असतो तर निम्मी गाळली असती, आन् मंग स्थळ बघाया गेलो असतो."

मी म्हटलं, म्हणजे मी पण आता पिऊ का?

"तू न पिताच तसा हायस," आत्या म्हणाली, आणि सोललेले दाणे डब्यात भरून दिले.

१२ डिसेंबर

दाणे आईनं शिजवले. खाल्ले. पहिल्यांदा पोटभर.

१४ डिसेंबर

नाही, उठणारच! आज्यानं काय केलं त्याच्याशी मला काय करायचंय? तो खरं बोलायला उठला होता, मी खोटं बोलायला उठेन. त्याला जागा मिळाली ना? मलाही मिळेल कधीतरी. सरकेल कुणीतरी.

आणि तिला?

हे कुठून आलं मनात! पुसून टाकायला हवं. ती जालन्याला सुखात राहील आणि मी इथं रुळाकडं बघत बसू?

देवा, मला तिच्याशिवाय जमणार नाही. नाही जमणार.

१५ डिसेंबर, रविवार

उठलो.

पाळकसाहेब म्हणाले, "तिसऱ्यांदा आणि शेवटचं पुकारत आहे. कोणाची हरकत असल्यास..." आणि मी उभा होतो. सगळं चर्च वळलं. बाबांनी माझा शर्ट मागून धरला होता. दत्तरावांचा चेहरा राखेसारखा. ज्या माणसाचा दात पाडावा असं सहा महिने वाटलं, तो माणूस बसल्या जागी म्हातारा झाला.

वाक्य तोंडात तयार होतं. आमचं कोर्टात... एवढंच सुरू करायचं होतं.

आणि डोक्यात भलतंच आलं. साठ वर्षांनी तिचा नातू परभणीत वर्गात बसलाय, आणि कुणीतरी त्याला एका शब्दानं हाक मारतंय. मी आज तयार केलेल्या शब्दानं. मंडळी माफ करते, पण नाव ठेवते. दोन्ही करते. मीच नाही का त्याचा पुरावा! आज्यानं निदान घंटा विकली. मी माणूस विकायला उभा होतो.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बोल बाळा."

मी म्हणालो, "हरकत नाही."

कुणीतरी हसलं. असं कोण उभं राहून सांगतं! बसलो.  शेजारचे बजरंगमामा, तेही न हसता, बाकावर थोडे सरकले. मला भरपूर जागा होती, तरी सरकले.

मी रडलो. सगळ्यांसमोर. गेली ती. संपलं.

१६ डिसेंबर, सोमवार

गिरणीत दळण घ्यायला गेलो तर राजेश्री तिथंच. सहा महिन्यांनी समोरासमोर. डबा खाली ठेवून काहीतरी म्हणाली. पट्ट्याच्या आवाजात ऐकू आलं नाही, म्हणून जवळ गेलो. पुन्हा म्हणाली, डोळे लाल —

"उठला होतास तर बसलास कशाला?"

दत्तराव पाचला घरी येतात. खरं बोलून तिला मागायला चाललो.