जीपचं ऑईल जातं कुठी

१ डिसें. ८६, सोम. धानोरा.
सकाळी ऑईलचा डबा घ्याले स्टोअरमध्ये गेलो, तर जागेवर नाई. नर्सबाई म्हणाल्या, डॉ.साहेबांच्या कपाटात आहे, कुलपात. सहा वर्षं झाली दवाखान्याची जीप चालवून राह्यलो, ऑईल माह्याच ताब्यात होतं. डॉ.सा. पुण्याकडचे, येऊन चार महिने झाले. गेलो त्यांच्याकडे. "किती लागेल, रामटेके?" अर्धा लिटर, साहेब. "मागच्या सोमवारीही अर्धा टाकलं होतं ना?" बस, एवढंच. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. चोर समजते मले हा माणूस! दिवसभर डोकं भणभणलं.
पण खरंच, जातं कुठी? खाली ठिपका नाई. धूरही फारसा नाई.

३ डिसें.
लस आणाले गडचिरोली. येताना करीमभाई मिस्त्रीच्या गॅरेजात गाडी लावली. भाई बिडी विझेपर्यंत बॉनेटमध्ये डोकं घालून. मग इंजनाच्या वरची एक रबरी नळी दाखवली. इंजनाच्या पोटातली वाफ बाहेर पडाची वाट. कोण्या जुन्या मिस्त्रीनं तिचं दुसरं टोक इंजनात हवा नेणाऱ्या पाइपात खुपसलेलं. "तेरी गाडी अपनाच तेल पी रही है, भाई." वाफेसंग ऑईल जाते अन् जळते. पाइपात बोट घातलं, आतून चिकट. बाप्पा! सहा वर्षं हिच्या मांडीले मांडी लावून बसलो अन् मले पत्ता नाई!
भाई म्हणे, मधात एक डबा बसव. वाफ डब्यात येईन, ऑईल खाली बसन, हवा वरून निघून जाईन. पेंटच्या रिकाम्या डब्याले दोन नळ्या झाळून दिल्या. "अंदर कुछ भर, जिसको तेल चिपके." काय भरू ते विचारायचंच राहून गेलं.

४ डिसें.
सापडलं! दवाखान्याच्या कूलरची जुनी वाळ्याची ताटी मागच्या पडवीत पडून होती. उन्हाळाभर पाणी धरते, तर ऑईल काऊन नाई धरणार? ठासून भरला. डबा बॅटरीच्या बाजूले पट्टीनं कसला. माह्यावर मीच खूश. घरी सांगतलं तर सुमन म्हणे, "आता जीपले अत्तरबी लावा."

५ डिसें.
फजिती. कारवाफा गावाच्या अलीकडे फट्ट आवाज. पाह्यलं तर ऑईल मोजाची दांडी उडून बाहेर, बॉनेट आतून काळंभोर. पुसता पुसता शर्टही गेला. वाळा भिजून, फुगून गच्च. वाफेले वाट नाई म्हणून तिनं दांडीची वाट धरली. सारा उपसून फेकला. नर्सबाई लशीची पेटी मांडीवर घेऊन हसून राह्यल्या. "रामटेकेभाऊ, वास मात्र मस्त येते." करीमभाईले कळलं तर म्हणन, इंजन आहे का कूलर?

६ डिसें.
विहारात वंदना. गाडीले हात नाई लावला. डोक्यात डबाच.

७ डिसें.
खिडकीची तारेची जाळी. सैल गुंडाळून भरली. अर्धा घंटा इंजन चालवलं, दांडी जागेवर.

९ डिसें.
घाट चढून मुरूमगाव करून आलो. झाकण काढलं, आत दुधाच्या चहावानी काहीतरी! चोळून पाह्यलं, हुंगलं. थंडीत वाफेचं पाणी होत असन, ऑईलसंग घोटल्या जात असन. सुमनले दाखवाले नेलं. "शी! जेवाच्या वक्ती?"

१० डिसें.
आज गडचिरोली, सपाट रस्ता. डब्यात थेंबभर. म्हणजे घाट चढलो की जास्त. असं का? जोर लागते म्हणून? कोणाले विचारू? मजा येऊन राह्यली, खरं सांगतो.

१२ डिसें.
सात तारखेपासूनचं मोजलं. पाव कप. अन् इंजनात पुन्हा अर्धा लिटर कमी. बाकीचं कुठी गेलं? डॉ.सा. ले हे दाखवू? हसतील. बैलबंडीच्या आखाले लावतो म्हणून कोणी मागितलं तर द्याले जुनं काळं ऑईल ठेवतो मी. त्यातलं ओतलं डब्यात.
डॉ.सा. नी झाकण उघडलं अन् चेहराच बदलला. "रामटेके, मी तुमच्याबद्दल चुकीचं समजलो. माफ करा." हात जोडले त्यांनी, माह्यासमोर! ऑईलचा डबा स्टोअरमध्ये परत. जेवण गेलं नाई. लाज वाटते.

१३ डिसें.
आणखी वाढलं. डॉ.सा. जिल्ह्याले पत्र लिहून राह्यले. सगळ्या जीपांना असा डबा लावा म्हणून. माह्या नावासकट. अन् सोमवारी मुरूमगावले स्वतः येणार, औषध मोजाचा काचेचा ग्लास घेऊन.
सुमनले सारं सांगतलं. निवडाचे तांदूळ बाजूले ठेवले तिनं. मग म्हणे, "चोर नव्हते तवा मान वर होती तुमची. आता काऊन खाली?" 

१५ डिसें., सोम.
निघताना डबा डॉ.सा. नी स्वतः रिकामा करून पुसला. घाटाच्या पायथ्याशी मी गाडी थांबवली, इंजन बंद केलं. "साहेब, त्या दिवशीचं सारं ऑईल या गाडीचं नव्हतं. मी वरून ओतलं."
डॉ.सा. नी हातातला ग्लास मांडीवर ठेवला. मग, "खरं किती होतं?" 
पाव कप.
"आणि बाकीचं?" 
माहीत नाई, साहेब. खरंच माहीत नाई.
मले वाटलं, आता उतरतात. "चला," म्हणाले, "चढवा घाट." 
वर पोचल्यावर माह्याआधी तेच उतरले. बॉनेट मी उघडलं, झाकण त्यांनी. ग्लासात ओतलं, उजेडाकडे धरलं. किती भरलं ते सांगतलं नाई. पत्राचं विचाराची माही हिंमत नाई झाली.
"परत जाताना पुन्हा मोजू," म्हणाले. माह्याकडे पाहून नाई, ग्लासाकडे पाहून.