जळक्या चादरीची माफी

प्रिय बाबा,

'प्रिय' लिहिलंय ते सवयीने. तळपायाची आग मस्तकात गेलीय, आणि दुकानात येऊन बोलले तर तुम्ही मान न उचलता पुढच्या शर्टावर पाणी शिंपडायला लागाल. म्हणून पत्र.

आमच्या चित्रकलेच्या वर्गाच्या प्रदर्शनाला तुम्ही आलात याचा आनंद मला जेमतेम पाच मिनिटं झाला. बाकीच्यांचे आईबाप भिंतीवरचे रंग बघत हिंडत होते. तुम्ही माझी चादर पाहिलीत आणि तुमचा चेहराच उतरला. त्या चादरीवर तुमचे हात आहेत, बाबा. दोन्ही, मनगटापर्यंत. रंगाचा एक थेंब नाही, नुसती तापलेली इस्त्री. मनात सात मोजले की कापड बदामी होतं, पंधरा मोजले की तपकिरी, विसाच्या पुढे गेलं की भोक. बोटांच्या पेरांसाठी फक्त टोक टेकवायचं. चार महिने खपले, अकरा चादरी वाया घालवल्या. आमचे सर आधी नाक मुरडायचे, याला चित्र म्हणायचं का म्हणून. शेवटी तेही चादरीला नाक लावून बघत होते.

आणि तुम्ही काय केलंत? परीक्षक बाईंपुढे हात जोडलेत. "माझ्या हातून जळलं हे. पोरीचा काही दोष नाही." एवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. तुम्ही चादर खाली उतरवलीत, चौकोनी घडी घातलीत आणि काखेत मारून चालू लागलात. सगळा वर्ग हसला. तीस वर्षं इस्त्री करणाऱ्या माणसाला करपलेलं कापड म्हणजे गुन्हाच वाटणार, हे मला कळतं. पण एकदा मला विचारायचंत की.

आता बाई म्हणतात, वडिलांनीच कबूल केलंय, मग हे काम मुलीचं कसं धरायचं? इस्त्री तुमची, धंदा तुमचा, कबुलीही तुमचीच. सोमवारी निर्णय आहे. नापास झाले तर मी पुन्हा त्या वर्गात पाय ठेवणार नाही.

पण खरा राग चादरीचा नाही. मी नऊ वर्षांची असताना डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाला चटका बसला होता, आठवतं? तुम्ही पाणी भरायला गेला होतात आणि मी इस्त्री फिरवून बघत होते. डॉक्टर चारचौघांत तुम्हाला वाटेल ते बोलले. तुम्ही मान खाली घालून म्हणालात, माझ्या हातून जळलं. मी टेबलाखाली बसून ऐकत होते. इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्हाला खरंच तुमचीच चूक वाटली असेल. परवा तेच शब्द ऐकले आणि कळलं, कोट मी जाळलाय हे तुम्हाला तेव्हाही ठाऊक होतं. का नाही बोललात? एक थप्पड तरी द्यायचीत. तो डाग तुम्ही स्वतःवर घेतलात आणि मी घेऊ दिला. हा नाही देणार. सोमवारी अकरा वाजता चादर घेऊन या, आणि मान वर करून सांगा, ही माझ्या मुलीने जाळलीय.

तुमचीच, अजूनही चिडलेली,
लवंगी