लोकरशेडखालची चिंगे आणि जावईबापूंचा नाच

आदरणीय एतेलबिनाताईस,

धाकट्या नोलास्कोचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? तुमच्या नातालेसच्या वाऱ्याने यंदा तरी तुझं छप्पर जागेवर ठेवलं का? हर्मिंदाही नमस्कार सांगते, पण खिडकीतून, कारण मी हे पत्र अंगणात बसून लिहितो आहे. मला आत घेण्याचा विचार उद्या होईल असं ती म्हणाली.

ताजी बातमी अशी, की आपल्या लोकरशेडखाली राहणारी चिंगे मादी आहे आणि तिला दोन पिल्लं आहेत. पशुवैद्य आल्मेंद्राबाईंनी काल जमिनीवर आडवं पडून, टॉर्च मारून हे पक्कं केलं. (मी तो नर आहे असं महिनाभर छातीठोक सांगत होतो. हर्मिंदा म्हणाली, "घर सोडून हलत नाही, कुणाला उगाच त्रास देत नाही, त्यात नर कुठे दिसला तुम्हाला?")

बाई शिकलेल्या आहेत आणि माते चहा पिताना गप्प बसत नाहीत. त्यांच्या पुस्तकात चिंगे म्हणजे डुक्करनाक्या स्कंक, चिडला की शेपटीखालून घाण वासाची पिचकारी मारणारा. काळं अंग, पाठीवर दोन पांढरे पट्टे, आणि किडे उकरायला डुकरासारखं उघडं नाक. या मंडळींना पूर्वी पाणमांजरांच्या कुळात धरत. पुढे विद्वानांनी त्यांना वेगळं काढलं. आता त्यांचं कुळ स्वतंत्र, बहुतेक भाऊबंद उत्तरेला, आणि दोन चुलत शाखा थेट समुद्रापार आशियात. मी म्हटलं, बाई, आमच्या मान्सिया घराण्याचंही तसंच आहे, फक्त वेगळं निघण्याचं कारण वास नव्हता. हर्मिंदा म्हणाली, "ते अजून ठरायचंय."

खरं तर चूक जागेची. शेडची जमीन फटीफटीच्या फळ्यांची, मेंढ्यांची लेंडी खाली पडावी म्हणून. वर्षानुवर्षांच्या त्या ढिगात भुंगेरे आणि अळ्या. चिंगेच्या दृष्टीने आपण तिला डोक्यावर छप्पर आणि पायाखाली स्वयंपाकघर दिलं. कातरणी संपली, शेड रिकामी झाली, आणि आमच्या लेकीचं, दालिलाचं लग्न तिथेच करायचं हे ठरलेलंच होतं.

आता नवऱ्याने पहिला क्वेका नीट नाचलाच पाहिजे, आणि एवारिस्तो पडला सान्तियागोचा. दुकानात हिशेब करणारा माणूस. त्याचे पाय एकमेकांची परवानगी घेऊन हलतात. म्हणून रविवारी दुपारी मी त्याला लग्नाचा सूट घालून (सुटात हात कुठवर उचलतो ते कळावं म्हणून) शेडमध्ये दालिलासमोर उभं केलं. तो रुमाल फडकवतोय, बूट आपटतोय, मी टाळ्या देतोय. तेवढ्यात खालून उत्तर आलं. धप, धप. फळ्यांखाली जुना पत्रा पडलाय, त्यावर कुणीतरी पाय आपटत होतं.

"मामा, खाली कोण आहे?" त्याने विचारलं.

"कोणी नाही रे, फळ्या बोलतात. चांगल्या नाचाला शेड साथ देते. अजून जोरात. आणि रुमाल वर धर, तो काय भांडी पुसायचाय?"

त्याने मामाचं ऐकलं.

आल्मेंद्राबाई नंतर म्हणाल्या, की चिंगे आधी रीतसर इशारा देते: पुढचे पाय आपटते, मग पांढरी झुपकेदार शेपूट वर करते. म्हणजे ताई, आमच्या जावयाने तिच्या घराच्या छपरावर उभं राहून, तिच्याच भाषेत, तिच्या लेकरांसमोर तिला आव्हान दिलं होतं. तिने दोनदा समजावलं, मग पाठ फिरवली. फळ्यांच्या फटी लेंडीसाठी ठेवल्या होत्या, पण रस्ता दोन्ही बाजूंनी चालू असतो. दालिलाच्या अंगावर थेंब नाही, कारण एवारिस्तो मध्ये आला. (मी म्हणतो, पळताना दिशा चुकली असेल.)

तेव्हापासून दालिला बोलत नाही, आणि हर्मिंदा म्हणते, लग्न पुढे ढकला. पण शनिवारच्या लग्नासाठी मंडळी आली आहे. बाई म्हणतात, पिल्लं चालायला लागली की ती आपणहून जाईल, पण या शनिवारी नाही. धूर करून हुसकली तर उरलेलं पाहुण्यांच्या वाट्याला येईल.

तुझा,
नोलास्को

ता. क. हे पत्र आणणारा एवारिस्तोच आहे. बसवाल्याने घेतलं नाही म्हणून घोड्यावर पाठवलाय; घोडाही दोनदा नको म्हणाला. तो फाटकाबाहेर उभा असेल. वारा बघून दार उघड आणि शुक्रवारपर्यंत त्याला माशांना धुरी द्यायच्या खोलीत ठेव. तिथे कुणाला फरक कळणार नाही.

ता. क. २. भावोजींचा काळा सूट अजून कपाटात असला तर त्याला घालून बघ. खांदे साधारण तेवढेच आहेत.

ता. क. ३. पाकीट बंद करताना दालिलाने पत्र वाचलं. पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "बाबा, तो चुकला नव्हता. त्याने मला मागे ढकललं. वास गेला नाही तरी आत्याला सांगा, त्याला शनिवारी घेऊन ये." तेव्हा लग्न शनिवारीच. फादर वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहायला तयार आहेत. बूट सगळ्यांनी दाराशी काढायचे आणि क्वेका लोकरीच्या मोज्यांवर नाचायचा. ताई, दुसरा नाच नेहमीप्रमाणे तुझा-माझा. तुझी ती धपाधप आपटणारी टाच या वेळी घरी ठेवून ये.