शिंपडणार कोण

३ सप्टें., मंगळ.
विठ्ठलदादा गेले. आमच्या देवरुखकडचे, इथं आखातात ड्रायव्हर. मंडळाचा गणपती दरवर्षी त्यांच्याच गाडीतून यायचा. हार्ट अटॅक. आमच्या हॉस्पिटलला आणलं तेव्हा संपलेलं होतं. घरचं कुणी इथं नाही. मंडळातले तिघे आले आणि मॉर्च्युरीच्या दाराशीच थांबले. "ताई, तुम्ही नर्स. तुम्हाला सवय आहे." ड्यूटी संपल्यावर एकटीनं आंघोळ घातली, तोंडात तुळशीपान ठेवलं. हातांवर ग्रीसचे डाग होते, निघेनात. घासत बसले.
कागद झाले की बॉडी गावाला जाईल. क्लार्क म्हणाला, इन्शाल्ला.

४ सप्टें.
नीलिमावहिनींचा फोन. अध्यक्षांची बायको, गणपती त्यांच्याच अल हैलच्या व्हिलात बसतो. (यापुढं नी.व. पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही.)
"सुनंदा, यंदा नैवेद्याचे मोदक नको हं करूस. प्रेताला हात लावलायस ना."
म्हटलं, वहिनी, मला सुतक नाही. नात्यातले नव्हते. आंघोळ केली, संपलं.
"ते कळतं गं. पण लोकांच्या मनात येतं."
डोकं फिरलं. अहो, मी आयसीयूत आहे. गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी एका म्हाताऱ्याची बॉडी आवरून दिली, आणि सकाळी मोदक वळले. 'कळ्या काय सुरेख' म्हणत नी.व.नी पोटभर खाल्ले. तेव्हा त्यांना माहीत नव्हतं, एवढाच फरक.

५ सप्टें.
चेंजिंग रूममध्ये रिबेकाजवळ सगळं ओकले. रिबेका अलिबागची, बेने इस्राएल ज्यू, नर्सिंग कॉलेजपासूनची मैत्रीण. इथं कुणी धर्म विचारला की नुसतं 'अलिबाग' सांगते. हसायला लागली.
"आमच्यात तर अख्खा कायदाच होता, मोशेच्या वेळचा. मेलेल्याला हात लागला की सात दिवस अशुद्ध. तांबडी गाय जाळून तिची राख झऱ्याच्या पाण्यात घालायची नि ते पाणी शिंपडायचं, तिसऱ्या दिवशी नि सातव्या. आता राखच नाय. कब्रस्तानातून आलो की हात धुतो."
"आपलं आपणच शिंपडायचं?"
"छे गं. शुद्ध माणसानं येऊन शिंपडायचं. नि ज्याचा हात त्या पाण्याला लागेल, तो स्वतः संध्याकाळपर्यंत अशुद्ध."
हे डोक्यातून जाईना. मेलेल्याचं आवरणं हे कुणाचं तरी काम होतं. आणि आवरणाऱ्याला परत माणसांत आणणं, हेही. त्यासाठी दुसरा आपला दिवस खराब करून घ्यायचा. हजारो वर्षांपूर्वी, वाळवंटात, तंबूत राहणाऱ्यांना हे सुचलं. आमच्याकडं सेंट्रल एसी आहे.

६ सप्टें., शुक्र.
नी.व.चा मेसेज. तडजोड म्हणे. पुण्याहून आणलेलं गोमूत्र दाराबाहेर चपलांच्या स्टँडवर ठेवते, तुझं तू शिंपडून आत ये. मोदक आण, देवापुढं मी ठेवीन.
फोन करून विचारलं, तुम्हीच का नाही शिंपडत?
"अगं, मग मला परत आंघोळ, सोवळं, सगळं आलं."
नवरा म्हणतो, खलास कर आता, जाऊच नकोस. का नको? विठ्ठलदादांची सोय मी करायची आणि वर मीच घरी बसायचं. नारळ खवले. रागानं रडत रडत खवले.

७ सप्टें., चतुर्थी
गाडीत लिहितेय, त्यांच्या फाटकासमोर.
डबा घेऊन गेले. बाटली खरंच चपलांपाशी होती. आत झांजा चालू. बेल वाजवली. नी.व. पैठणीत. बाटली उचलून त्यांच्या हातात दिली. "वहिनी, तुम्ही शिंपडा."
"सगळ्यांसमोर काय हे, सुनंदा."
"विठ्ठलदादांना मी सगळ्यांच्या वतीनं आंघोळ घातली."
नी.व. बाटली धरून नुसत्या उभ्या. म्हटलं, ठरवा, मी गाडीत बसते. डबा माझ्या मांडीवर आहे, अजून गरम.
आरती थांबलीय. दार उघडंच. माणसं मागं गोळा झालीत. नी.व.नी आत्ता झाकणाला हात घातला. उघडलं की घट्ट केलं, इथून दिसत नाही.